बिल्ला नव्हे, सभा

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शाळा उघडतात आणि पहिल्या पावसाची धांदल ओसरली की जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळांतून 'शालेय मंत्रिमंडळा'ची निवडणूक होते. उमेदवार अर्ज भरतात, त्यांना चिन्हे मिळतात, प्रचाराची दोन-चार भाषणे होतात, घडी केलेल्या मतपत्रिका खोक्यात पडतात, बोटाला शाई लागते. अलीकडे काही शाळांतून मोबाइलचेच मतदानयंत्र करून मते घेतली जातात. निकाल लागला की परिपाठाच्या वेळी मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री यांचा शपथविधी होतो, छायाचित्र निघते, तालुक्याच्या वृत्तपत्रात चार ओळी छापून येतात. उपक्रम चांगला आहे. तो राबविणारे शिक्षक बहुधा मनापासून राबवितात, आणि मतपेटी म्हणजे काय हे मुलाला वयाच्या नवव्या वर्षी कळते, यात वावगे काहीच नाही.

परंतु निवडणुकीच्या तिसऱ्या दिवशी काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. चौथीतील मुलगी आरोग्यमंत्री झाली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या नळाला पाणी नाही, हे तिला पहिल्याच दिवशी दिसले. तिने ते कोणाला सांगावयाचे? तिचे म्हणणे ऐकून घेणारी सभा केव्हा भरणार? त्या सभेला उत्तर देण्यास कोणी मोठा माणूस बांधलेला आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर त्या मुलीचे मंत्रिपद म्हणजे छातीवरचा बिल्ला एवढेच उरते. आणि बिल्ल्याने शिकविलेला धडा निरुपद्रवी नसतो. पद म्हणजे मान, आणि काम म्हणजे दुसऱ्याची गोष्ट, हाच तो धडा होय. पुढे ग्रामपंचायतीत आणि विधिमंडळात जे दिसते, त्याचा श्रीगणेशा कोठे होतो हे यावरून ध्यानात यावे.

वेतनाच्या, पाण्याच्या, जमिनीच्या लढ्यात गुंतलेल्या कार्यकर्त्याला प्राथमिक शाळेतील हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो तसा नाही. लोकशाही समाजवाद हा केवळ उत्पादनसाधनांच्या मालकीचा प्रश्न नव्हे. सत्तेपुढे ताठ उभे राहणाऱ्या आणि सत्ता हाती आली असता हिशेब देणाऱ्या माणसांचा तो प्रश्न आहे. ही माणसे अठराव्या वर्षी मतदारयादीत नाव लागल्याबरोबर घडत नाहीत.

मॉनिटरची कुळकथा

वर्गावर देखरेख करणाऱ्या मुलाला महाराष्ट्रात आजही 'मॉनिटर' म्हणतात. या शब्दाची कुळकथा उद्बोधक आहे. १७८९ च्या सुमारास अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक मद्रासच्या एग्मोर भागातील, सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी चालणाऱ्या शाळेचा प्रमुख झाला. तेथील देशी शाळांतून मुले वाळूवर अक्षरे गिरवितात, हे त्याने पाहिले. आपल्या शाळेतील शिक्षक ती रीत स्वीकारीनात, तेव्हा त्याने मोठ्या मुलाकडून लहानांना शिकविण्याचा प्रयोग केला. १७९७ मध्ये त्याचा वृत्तांत त्याने लंडनमध्ये प्रसिद्ध केला. १७९८ मध्ये जोसेफ लँकेस्टर याने लंडनच्या गरीब वस्तीत याच धर्तीची शाळा काढली आणि पाहता पाहता ती पद्धत जगभर गेली. एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले, आणि मध्ये मॉनिटरांची उतरंड. चांगल्या वर्तनाबद्दल बिल्ले, वाईट वर्तनाबद्दल चारचौघांत मानहानी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यातील नव्या मराठी शाळांतूनही लँकेस्टरची पद्धत आली.

ही पद्धत इतकी लोकप्रिय होण्याचे कारण उघड होते: ती स्वस्त होती. गिरण्यांना अक्षरओळख असलेला, घंटेबरोबर उठणारा आणि बसणारा मजूर हवा होता, आणि त्याच्या शिक्षणावर फारसा खर्च करण्याची राज्यकर्त्यांची तयारी नव्हती. तेव्हा मुलालाच मुलाचा मुकादम करण्यात आले. मॉनिटर हा मुलांचा प्रतिनिधी कधीच नव्हता. तो वरून नेमलेला, खालच्यांवर नजर ठेवणारा आणि वरच्यांना खबर देणारा होता. आजही शिक्षक वर्गाबाहेर गेले की फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' लिहिणारा मुलगा याच वंशातला आहे.

याच काळात दुसरा प्रवाह श्रीमंतांच्या शाळांत वाढत होता. १८२८ पासून रग्बी येथील शाळेचा मुख्याध्यापक असलेल्या थॉमस अर्नोल्डने वरच्या वर्गातील निवडक मुलांच्या हाती धाकट्यांना शिस्त लावण्याचे अधिकार दिले आणि प्रीफेक्ट पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून दिली. गरिबांच्या शाळेतून मुकादम तयार व्हावयाचे आणि श्रीमंतांच्या शाळेतून साम्राज्याचे अधिकारी. शहरांतील महागड्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून हेड बॉय, हेड गर्ल, हाउस कॅप्टन यांना समारंभपूर्वक पट्टे आणि बिल्ले चढविले जातात, ती या दुसऱ्या प्रवाहाचीच देशी आवृत्ती होय.

अलीकडे तिला बाजाराची जोड मिळाली आहे. 'नेतृत्वविकास' हा आता शुल्क आकारून विकण्याचा जिन्नस झाला आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला आत्मविश्वासाने कसे बोलावे, गटावर छाप कशी पाडावी, स्वतःला पुढे कसे आणावे, याचे वर्ग चालतात. या शिकवणुकीत गट हा नेत्याच्या पराक्रमाची पार्श्वभूमी म्हणून येतो. चाळीस मुलांच्या वर्गात एक नेता घडविणे म्हणजे एकोणचाळीस अनुयायी घडविणे, हे साधे गणित तेथे कोणी मांडीत नाही.

विभूतिपूजेचा धोका

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या गणिताचा अर्थ फार स्पष्टपणे सांगून ठेवला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभेपुढे ठेवताना त्यांनी बजावले की सांविधानिक नीती ही माणसाच्या ठायी उपजत नसते, ती प्रयत्नपूर्वक जोपासावी लागते; आणि भारतातील लोकशाही म्हणजे मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या जमिनीवरचा वरवरचा थर आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राजकारणातील भक्तीला अधःपाताची आणि अखेर हुकूमशाहीची वाट म्हटले. या दोन्ही इशाऱ्यांचा संबंध प्राथमिक शाळेशी आहे. जी नीती उपजत नाही ती कोठेतरी शिकावी लागणार. जातीने, लिंगाने आणि वडीलकीने बांधलेल्या घरात ती बहुधा शिकता येत नाही. निरनिराळ्या घरांतील मुले जेथे प्रथमच एकत्र बसतात, ती जागा म्हणजे गावची शाळा.

१९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे शिक्षक असलेल्या जॉन ड्युईचा 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ १९१६ मध्येच प्रसिद्ध झाला. लोकशाही ही केवळ राज्यकारभाराची तऱ्हा नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हे त्याचे प्रतिपादन होते. रीत अंगवळणी पडते ती रोजच्या सरावाने. वर्षातून एकदा भरविलेल्या निवडणुकीच्या जत्रेने ती पडत नाही.

तेव्हा प्रश्न मुलांना नेतृत्व शिकवावे की नाही, हा नाही. कोणते नेतृत्व, हा आहे. हुकूम सोडण्याचा सराव हे समाजवाद्यांना अभिप्रेत असलेले नेतृत्व नव्हे. प्रश्न विचारणे, जबाबदारी घेणे, सभेपुढे हिशेब देणे आणि मुदत संपताच पायउतार होऊन पुन्हा इतरांबरोबर बसणे, या चार गोष्टींचा सराव म्हणजे प्राथमिक शाळेतील नेतृत्वशिक्षण होय. आणि तो सराव निवडक मुलांना नव्हे, प्रत्येक मुलाला मिळाला पाहिजे.

दुसरी परंपरा

मॉनिटर आणि प्रीफेक्ट यांच्याहून वेगळी अशी एक परंपरा जगात आहे आणि भारतातही आहे.

पोलंडमधील डॉक्टर आणि लेखक यानुश कोर्चाक यांनी १९१२ मध्ये वॉर्सा येथे ज्यू अनाथ मुलांसाठी वसतिगृह उघडले. तेथे मुलांचे न्यायालय होते. न्यायाधीश मुलेच असत आणि मुलाला दुसऱ्या मुलाविरुद्धच नव्हे, तर मोठ्या माणसाविरुद्धही तेथे दाद मागता येई. खुद्द कोर्चाक यांच्यावर खटले झाले आणि त्यांनी ते निमूटपणे चालू दिले. या न्यायालयाच्या संहितेतील शंभराच्या आतील सारी कलमे क्षमेची वा निर्दोष सुटकेची होती. दोष देणारे कलम त्यानंतर येई. मुलांची संसद होती. १९२६ मध्ये कोर्चाक यांनी मुलांनीच लिहिलेल्या मजकुरावर चालणारे एक वृत्तपत्रही सुरू केले. पुढे नाझी राजवटीने ही सारी मुले ज्यूंसाठी भिंत घालून वेगळ्या काढलेल्या वस्तीत कोंडली. जुलै १९४२ मध्ये त्या वस्तीत मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर' हे नाटक केले. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे नेण्यात आले. स्वतःचा जीव वाचविण्याची संधी असूनही कोर्चाक मुलांबरोबर गेले. लहान मुलाच्या न्यायालयापुढे उभा राहणारा शिक्षक अखेरच्या घटकेला त्या मुलाचा हात सोडीत नाही. मुलांचा आदर करणे म्हणजे काय, याचा याहून मोठा दाखला शोधावा लागू नये.

भारतात ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेतून नयी तालीमची कल्पना पुढे आली. सेवाग्राम येथे आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याच्या देखरेखीखाली चाललेल्या शाळेत हस्तोद्योगाइतकेच महत्त्व मुलांच्या स्वयंशासनाला होते. मुलांची सभा भरे, ती आपले मंत्री निवडी, स्वयंपाक, सफाई, आरोग्य अशी कामे त्यांच्याकडे सोपवी, आणि मुदत संपली की प्रत्येक मंत्र्याला आपल्या कामाचा अहवाल सभेपुढे ठेवावा लागे. तेथील मंत्री झाडू हातात घेत असे. संडाससफाई हे विशिष्ट जातीचे काम नसून सर्वांचे काम होय, हा धडा त्या शाळेत व्याख्यानातून शिकविला जात नव्हता. आजच्या शालेय मंत्रिमंडळाने नावे सेवाग्रामची घेतली आणि रीत रग्बीची ठेवली, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

याहून अलीकडचे उदाहरण राजस्थानातील अजमेर जिल्ह्याच्या तिलोनिया गावचे आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या तेथील संस्थेने, दिवसा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा चालविल्या. १९९० च्या दशकात या शाळांतील मुलांनी आपली बालसंसद निवडली. शिक्षक वेळेवर येतो काय, दिव्याची व पाण्याची सोय आहे काय, हे पाहण्याचे काम बालसंसदेचे. आणि तिने आणलेल्या तक्रारींवर काय केले, हे संस्थेतील मोठ्यांनी तिला सांगावयाचे. दिवसभर शेळ्यांमागे हिंडणारी मुलगी संध्याकाळी गैरहजर शिक्षकाचा जाब विचारू शकते, हे तिलोनियाने दाखवून दिले. आरंभी उल्लेखिलेल्या आरोग्यमंत्री मुलीला जे हवे, ते नेमके हेच: ऐकणारी सभा आणि उत्तर देण्यास बांधलेला मोठा माणूस.

महाराष्ट्राला तर याहून जुना वारसा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त दोन भागांत प्रसिद्ध झाला. महार-मांगांना धर्माच्या नावाखाली जे भोगावे लागले, त्याचा जाब तिने त्यात धर्मालाच विचारला. तिला कोणी बिल्ला दिलेला नव्हता. तिला अक्षर मिळाले होते, आणि जे वाटते ते लिहिण्याची मुभा मिळाली होती. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या आणि त्यांच्यासाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालविले. ४ जून १९४१ रोजी नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने जातिधर्माची कुंपणे ओलांडून मुलामुलींना एका मैदानावर आणले. समाजवादी कार्यकर्त्याला हा विषय नवा नसावा. तो विसरला गेला आहे, इतकेच.

दोन आक्षेप

या विचारावर पहिला आक्षेप हमखास येतो: शाळेत राजकारण नको. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आजच्या शाळेकडे नीट पाहावे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला वाटलेल्या दप्तरावर त्याचे छायाचित्र असते. पाहुण्याच्या स्वागतासाठी मुले तासन्तास उन्हात रांगेने उभी केली जातात. राजकारण शाळेत आलेलेच आहे. ते लाचारीचे आहे. मुलांच्या सभेत चालावयाचे ते राजकारण आपल्या शाळेच्या पाण्याचे, खिचडीच्या चवीचे, खेळाच्या साहित्याच्या वाटपाचे असेल. मात्र हा युक्तिवाद करणाऱ्या समाजवादी कार्यकर्त्यावर एक कडक बंधन येते. पक्षाचा झेंडा शाळेच्या फाटकाबाहेर राहिला पाहिजे. मुलांच्या सभेतून उद्याचे मतदार किंवा आजची घोषणा देणारी तोंडे गोळा करावयाची असतील, तर त्या कार्यकर्त्यात आणि छायाचित्राची दप्तरे वाटणाऱ्यात फरक उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो सहसा विरोधक घेत नाहीत. तो समाजवाद्यांनीच स्वतःवर घ्यावयास हवा. मुलांच्या सभेचे बहुमत न्याय्यच असेल, याची हमी काय? मूल कोरी पाटी घेऊन शाळेत येत नाही. घरची जात, घरचा पुरुषीपणा, घरचा द्वेष घेऊन येते. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातील एका सरकारी शाळेत दलित स्वयंपाकिणीने शिजविलेले अन्न खाण्यास सवर्ण मुलांनी नकार दिला. तिला कामावरून दूर करण्यात आले, तेव्हा दलित मुलांनी सवर्ण स्वयंपाकिणीच्या हातचे अन्न नाकारले आणि प्रकरणात प्रशासनाला हस्तक्षेप करावा लागला. त्या शाळेत मुलांचे मतदान घेतले असते, तर निकाल काय लागला असता?

महाराष्ट्रातील शाळा या रोगापासून मुक्त आहेत, असे समजण्याचे कारण नाही. मंत्रिमंडळात मुख्यमंत्री कोणत्या घरचा असतो, स्वच्छतेचे खाते कोणाच्या गळ्यात पडते, पाहुण्यांना पाणी नेऊन देण्याचे काम मुलींकडेच का येते, हे पाहिले म्हणजे गावाची उतरंड शाळेच्या यादीत उतरलेली दिसते.

या आक्षेपाचे उत्तर सभा बंद करणे हे नव्हे. सभेला संविधान देणे हे आहे. काही गोष्टी मतास टाकता येत नाहीत, हे मुलांना पहिल्याच सभेत कळले पाहिजे. कोणी कोणाशेजारी बसावे, कोणाच्या हातचे खावे, कोणत्या कामाला कोणाची जात किंवा कोणाचे मुलगी असणे आड यावे, यावर मतदान होत नाही. झाडण्याची, पाणी भरण्याची, वाढण्याची पाळी सर्वांवर येते, मुख्यमंत्र्यावरही. बोलण्याची संधी पहिलीतील मुलालाही मिळते. अशी सात-आठ कलमे मुलांच्या भाषेत लिहून भिंतीवर लावली आणि शिक्षकाने त्यांची राखण केली, तर बहुमत आणि न्याय यांतील फरक मुलाला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाच्या आधीच समजेल. याच सभेत शिक्षकालाही स्थान आहे. परंतु ते हुकूम देणाऱ्याचे नसून, कलम मोडले जात असता हात वर करणाऱ्याचे आहे.

शासनाची जबाबदारी आणि मुलांचे खांदे

आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. मॉनिटरची पद्धत स्वस्त होती म्हणून पसरली, हे विसरता येत नाही. शिक्षकाची जागा रिकामी आहे म्हणून चौथीची मुलगी पहिलीचा वर्ग सांभाळते, आणि त्याला नेतृत्वगुणांचा विकास असे नाव मिळते. हे नेतृत्व नव्हे. न भरलेल्या पदाचे काम त्या मुलीकडून फुकट करवून घेणे होय. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे, साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळालेच पाहिजेत. तेव्हा असा वर्ग सांभाळणाऱ्या मुलीला शाबासकी द्यावयाची की पंचायत समितीला जाब विचारावयाचा, हे कार्यकर्त्याने ठरवावे.

स्वच्छतामंत्र्याचेही तसेच. वर्ग नीटनेटका ठेवणे हे मुलांचे काम आहे. स्वच्छतागृहाला पाणी आणणे, त्यासाठी सफाईची नियमित व्यवस्था करणे हे शासनाचे व स्थानिक संस्थेचे काम आहे. मुलांच्या मंत्रिमंडळाने शासनाचे काम अंगावर घ्यावे, आणि शासनाने त्यांचे कौतुक करून हात झटकावेत, असा हा खेळ होता कामा नये. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळा दत्तक देण्याची योजना काढली. दात्यांच्या आणि कंपन्यांच्या औदार्यावर शाळांच्या गरजा भागवावयाच्या, असे एकदा ठरले की मुलीच्या प्रश्नाला उत्तर देण्यास कोणीच बांधलेला राहत नाही. दात्याचे आभार मानावयाचे असतात. त्याला जाब विचारावयाचा नसतो. नागरिकत्वाचे शिक्षण तेथेच संपते आणि कृतज्ञतेचे सुरू होते.

याहून मूलभूत प्रश्न शाळेच्या अस्तित्वाचा आहे. २०१७ च्या अखेरीस कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा वा इतर शाळांत मिळविण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळांच्या जागी समूहशाळा काढण्याचा विचार पुढे आला आणि त्याला राज्यभर विरोध झाला. वाडी, पाडा, तांडा येथील शाळा उठली की सर्वांत आधी मुलींची शाळा सुटते. उरलेली मुले गाडीने दूरच्या गावी जातात. त्या शाळेला त्यांची वस्ती ठाऊक नसते आणि त्यांच्या पालकांना व्यवस्थापन समितीच्या सभेला पोहोचणे दुरापास्त होते. बारा मुलांच्या शाळेत बाराही जणांना वर्षातून एकदा तरी सभेचे अध्यक्षपद मिळू शकते. ज्या छोट्या शाळेला तोट्याची म्हणून हिणविले जाते, तीच लोकशाहीच्या शिक्षणाला सर्वांत सोयीची आहे.

कार्यकर्त्याने काय करावे

कायद्याने यासाठी दारे उघडी ठेवली आहेत. बालकाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताला वयानुरूप वजन मिळण्याचा हक्क १९८९ च्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमात आहे, आणि भारताने ती संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. मूल भयमुक्त व्हावे आणि त्याला आपले विचार मोकळेपणाने मांडता यावेत, हे शिक्षणहक्क कायद्याचे २९ वे कलम सांगते. याच कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. केंद्राच्या २०१० च्या नियमांनी त्या समितीवर शाळेतील मुले घेण्यासही वाव ठेवला. कर्नाटकाने २००६ पासून ग्रामपंचायतींना मुलांची ग्रामसभा भरविण्यास सांगितले. तेथे मुले शाळेच्या, रस्त्याच्या, पाण्याच्या तक्रारी पंचायतीपुढे मांडतात. महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने सरकारी फर्मानाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील पाच गोष्टी प्रत्येक गावात करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, कार्यकर्ता स्वतः पालक असेल तर त्याने व्यवस्थापन समितीत जावे. नसेल तर समितीवर आलेल्या मजूर आणि दलित, आदिवासी स्त्रियांना त्यांचे अधिकार समजावून सांगावेत. २२ व्या कलमाप्रमाणे शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीचा आहे. समितीचे इतिवृत्त घरोघर सहीसाठी फिरविले जाते, तेथे सभा होत नाही, हे गृहीत धरावे आणि सभेचा आग्रह धरावा.

दुसरी, शिक्षकांशी बोलून महिन्यातून एक तास मुलांच्या सभेसाठी राखून घ्यावा. सभेची वही असावी. तीत मुलांनी मांडलेला प्रश्न, त्याला उत्तर कोणी द्यावयाचे आणि केव्हापर्यंत, हे तीन रकाने असावेत.

तिसरी, ती वही व्यवस्थापन समितीच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय म्हणून वाचली जावी. जे काम होणे शक्य नाही, ते का शक्य नाही, हे मोठ्या माणसाने मुलांच्या सभेत येऊन सांगावे. नकारसुद्धा कारणासह मिळाला, तर तो मुलाचा सन्मान असतो.

चौथी, पदे थोड्या मुदतीची आणि फिरती असावीत. हुशार, बोलकी आणि वजनदार घरची मुलेच पुन्हा पुन्हा निवडून येतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मुदत महिन्याची ठेवावी आणि काही पदे चिठ्ठ्या टाकून भरावीत. म्हणजे न बोलणाऱ्या मुलालाही एक दिवस अहवाल वाचावा लागेल.

पाचवी, शिक्षकाच्या बाजूने उभे राहावे. माहिती भरण्याच्या आणि अशैक्षणिक कामांच्या ओझ्याखाली पिचलेला शिक्षक मुलांच्या सभेला वेळ देऊ शकत नाही. ज्याला स्वतःला वरिष्ठांपुढे तोंड उघडता येत नाही, तो मुलांना तोंड उघडण्यास कसे शिकविणार? रिकाम्या जागा भरण्याची मागणी आणि मुलांच्या सभेची मागणी यांना एकमेकींपासून तोडता येणार नाही.

साथींनो, या कामात जयजयकार नाही आणि त्याचे फळ पुढच्या निवडणुकीत दिसणार नाही. परंतु ज्या गावात पाच वर्षे मुलांची सभा नियमाने भरेल, तेथील पंचवीस-तीस मुले तरी अशी असतील की ज्यांनी मोठ्या माणसाला प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर ऐकले आहे, आणि स्वतःच्या कामाचा हिशेबही चारचौघांपुढे दिला आहे. पुढे कारखान्याच्या फाटकावर, ग्रामसभेत, बाजार समितीत ही माणसे भेटतील, तेव्हा त्यांना भाषण करून जागे करण्याची गरज पडणार नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. मंत्रिमंडळाच्या शपथविधीला कार्यकर्त्याला पाहुणा म्हणून बोलावणे आल्यास त्याने हार घेऊ नये. सभेची वही कोठे आहे, एवढेच विचारावे.